बजेट कमी असताना एसएमपीएस घेताय? या चुका टाळा

नवा कॉम्प्युटर जुळवताना प्रोसेसर आधी ठरतो. मग मदरबोर्ड, रॅम, एसएसडी. बेरीज ठरलेल्या रकमेच्या वर गेली की घरात चर्चा सुरू होते आणि पहिली कात्री लागते एसएमपीएसला, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला. "कॅबिनेटसोबत येतोय ना एक, मग वेगळा कशाला?" हा प्रश्न सांगली-मिरजेच्या कॉम्प्युटर दुकानांत रोज विचारला जातो. विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. स्पीड वाढवणाऱ्या वस्तूवर पैसे गेले की समाधान वाटतं, आणि एसएमपीएसने स्पीड काडीचाही वाढत नाही.

पण मशीनमधल्या प्रत्येक भागाला वीज याच डब्यातून जाते. चांगला एसएमपीएस बिघडला तर बहुतेक वेळा स्वतः बंद पडतो आणि बाकीचं वाचवतो. हलका बिघडला तर मदरबोर्ड, हार्डडिस्क आणि तिच्यातले लग्नाचे फोटो सोबत घेऊन जाऊ शकतो. म्हणून पैसे कमी असतील तर वॅट कमी घ्या, आरजीबी लाइट सोडा, काचेचं कॅबिनेट सोडा. एसएमपीएसचा दर्जा मात्र सोडू नका.

खोक्यावरचा मोठा आकडा बघून घेणं

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. खोक्यावर ठळक "४५० वॅट" किंवा नुसतंच "४५०" छापलेलं असतं. त्या आकड्याकडे बघूच नका. डबा उलटा करून बाजूचं लेबल वाचा. तिथे ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपियर दिलेले असतात. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात, त्यामुळे तुमच्या कामाचा रकाना तोच.

त्या रकान्यातले अँपियर गुणिले १२ करा. १४ अँपियर लिहिले असतील तर १६८ वॅट झाले. म्हणजे साडेचारशेच्या नावाखाली तुम्हाला कामाचे १६८ वॅट मिळतायत, तेही लेबल खरं धरलं तर. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर हाच आकडा ३५ अँपियरच्या पुढे असतो. काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्यांची सरळ बेरीज करायची नाही, खाली एकत्रित वॅट दिलेले असतात तेवढेच धरायचे. आणि लेबलवर हा तक्ताच नसेल तर भाव न विचारता डबा परत ठेवा.

आता तुम्हाला लागतात किती वॅट? आय३-१२१०० या प्रोसेसरची कमाल मर्यादा ८९ वॅट आहे, रायझन ५ ५६००जी ची ८८. ग्राफिक्स कार्ड नसेल तर पंखे, रॅम, एसएसडी धरून सगळं मशीन दीडशे वॅटच्या आत राहतं. आय५-१२४०० जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो, आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॅट. बाकीच्या भागांचे ४०-५० धरले तरी बेरीज तीनशेच्या आसपास थांबते. म्हणजे खरा ४५० वॅटचा एसएमपीएस तिथे पुरतो, आणि ५५० घेतला तर पुढे कार्ड बदलायला जागा राहते. त्याच पैशात मिळणाऱ्या ७५० वॅटच्या अनोळखी डब्याची गरज कुणालाच नाही.

इनपुटची ओळ न वाचणं

हा मुद्दा परदेशी रिव्ह्यूंमध्ये फारसा येत नाही, पण आपल्याकडे तो फार महत्त्वाचा आहे. लेबलच्या वरच्या भागात इनपुट व्होल्टेज लिहिलेलं असतं. काही एसएमपीएसवर "१००-२४०" असतं, काहींवर "२००-२४०". पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दोन्हीत फरक जाणवणार नाही. पण जत, आटपाडी, माण, खटावकडे वाडीवस्तीवर राहत असाल आणि आजूबाजूच्या शेतीपंपांची वेळ झाली की ट्यूबलाइट फडफडत असेल, तर फरक नक्की जाणवेल. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची धरलेली आहे. ती १७०-१८० वर उतरली की २००-२४० वाला एसएमपीएस स्वतःच्या मर्यादेबाहेर काम करू लागतो. मग मशीन मध्येच रिस्टार्ट होतं आणि दोष विंडोजवर किंवा रॅमवर जातो. १००-२४० वाल्याला त्या व्होल्टेजचं काहीच वाटत नाही. अशा ठिकाणी दोनशे-चारशे रुपये जास्त पडले तरी तोच घ्या.

मागच्या बाजूला ११५ आणि २३० लिहिलेलं लाल बटण दिसलं तर डिझाइन जुनं आहे आणि आत अॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज नीट, सारखी ओढणारं सर्किट) नाही एवढं समजा. हे बटण साफसफाई करताना किंवा लहान मुलाच्या हातून ११५ वर सरकलं आणि कुणी प्लग लावून मशीन चालू केलं, तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस उडतो. घरात असा डबा असेल तर बटण २३० वर आहे का बघा आणि त्यावर चिकटपट्टी लावून टाका.

यूपीएस आणि इन्व्हर्टरचा विचार नंतर करणं

"यूपीएस आहे, तरी लाइट गेली की कॉम्प्युटर बंद पडतो" ही तक्रार साताऱ्याच्या पावसात हमखास येते. यामागे तीन वेगळी कारणं असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं कारण इन्व्हर्टरचं. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक बटण असतं: एका बाजूला यूपीएस मोड, दुसऱ्या बाजूला साधा किंवा इको मोड. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो. पंख्या-दिव्यांना तो चालतो, कॉम्प्युटरला चालत नाही. बटण यूपीएस मोडवर करा, खर्च शून्य.

दुसरं कारण एसएमपीएसचं. वीज तुटल्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या शक्तीवर मशीन काही क्षण चालू राहायला हवं. कॉम्प्युटरच्या एसएमपीएससाठी असलेल्या एटीएक्स मानकात हा काळ १६-१७ मिलिसेकंदांचा धरलेला आहे. साधा ऑफलाइन यूपीएस सहसा दहा मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर जातो, त्यामुळे एसएमपीएस चांगला असेल तर तुम्हाला कळतही नाही. स्वस्त डब्यात कपॅसिटर लहान टाकलेला असतो, आणि जुन्या डब्यात तो वाळत गेलेला असतो.

तिसरं कारण यूपीएसच्या ताकदीचं. ६०० व्हीए (व्होल्ट-अँपियर) म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा यूपीएसवर बहुतेक ३६० वॅट लिहिलेलं असतं. शिवाय बॅटरीवर त्याची लहर महावितरणच्या विजेसारखी गोलाईदार नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते. काही अॅक्टिव्ह पीएफसीवाल्या एसएमपीएसचं जास्त लोडवर अशा विजेशी पटत नाही. गेम चालू असताना लाइट गेली की बंद पडतं आणि वर्ड चालू असताना नाही, असं होत असेल तर बहुधा हेच. बॅटरीवर गेम खेळायचा नाही, फाइल सेव्ह करून मशीन बंद करायचं, एवढं पाळलं तर नवा यूपीएस घ्यावा लागत नाही.

झिणझिण्या आल्या म्हणून एसएमपीएस बदलणं

कॅबिनेटला हात लागला की बारीक करंट जाणवतो आणि लोक एसएमपीएस खराब म्हणून दुसरा आणतात. दुसऱ्यालाही तेच होतं. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधून थोडासा करंट अर्थिंगला जावा अशीच रचना असते. घरात अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अॅडॉप्टरमधून लावला असेल, तर तो करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन थांबतो. जुन्या वाड्यांत, पेठांमधल्या घरांत आणि नंतर वाढवलेल्या खोल्यांत हे फार दिसतं. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. ते नीट झालं की झिणझिण्या जातात, आणि खरंच कधी बिघाड झाला तर माणूस वाचतो. हा खर्च कॉम्प्युटरच्या बजेटमध्ये धरू नका, घराच्या सुरक्षिततेत धरा.

८० प्लसचा शिक्का पाहून निश्चिंत होणं

८० प्लस ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड ही वीज किती वाया जाते याची श्रेणी आहे. आत कपॅसिटर कोणता, ओव्हरलोडला डबा वेळेत बंद पडतो की नाही, याबद्दल ती काही सांगत नाही. तरीही कमी बजेटमध्ये ब्राँझ हा चाळणी लावण्याचा सोपा मार्ग आहे, कारण अगदी टाकाऊ डिझाइन तिथपर्यंत सहसा पोचत नाही. फक्त "८५ टक्के एफिशियन्सी" असं नुसतं छापलेलं असेल तर ते प्रमाणपत्र नव्हे.

माझं मत विचाराल तर शिक्क्यापेक्षा वॉरंटीची वर्षं बघा. कोर्सेअरचंच उदाहरण घ्या: त्यांच्या सीव्ही मालिकेला तीन वर्षांची वॉरंटी मिळते, सीएक्सला पाच. नाव एकच असलं तरी कंपनी स्वतःच्याच मालावर किती भरवसा ठेवते ते त्या आकड्यात दिसतं. म्हणून "अमुक कंपनीचा घ्या" हा सल्ला अर्धाच असतो, मालिका आणि मॉडेल विचारल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.

पुरात भिजलेला किंवा अनोळखी सेकंडहँड डबा

सेकंडहँड एसएमपीएस घेऊच नये असं मी म्हणणार नाही. मूळ बिल आहे, वॉरंटीची दोन-तीन वर्षं शिल्लक आहेत, सिरीयल नंबर बिलाशी जुळतो, तर कमी पैशात चांगली वस्तू मिळते. पण सांगलीने २०१९ आणि २०२१ असे दोन मोठे पूर पाहिले. कृष्णाकाठच्या घरांत आणि दुकानांत पाण्याखाली गेलेली यंत्रं नंतर धुऊन-वाळवून चालू केली गेली. भिजलेला एसएमपीएस वाळल्यावर चालतो, हाच धोका आहे. पाणी आटतं, पण गाळाचा थर ट्रान्सफॉर्मरखाली आणि आतल्या भागांच्या धातूच्या पायांमध्ये राहतो, पावसाळ्यात तो ओल धरतो आणि हळूहळू तांबं खातो. पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. मातकट रेषा, हिरवट तांबं किंवा गंजलेले स्क्रू दिसले तर फुकट मिळाला तरी नको. आणि तपासण्यासाठी तो उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात.

डेल, एचपी, लेनोव्होची ऑफिसमधून निघालेली जुनी मशीन मात्र तंग बजेटला खरंच उपयोगी आहेत. त्यांचा एसएमपीएस कमी वॅटचा पण प्रामाणिक असतो. अनेक मॉडेलांत मदरबोर्डचा कनेक्टर कंपनीचा स्वतःचा असतो, त्यामुळे बाजारातला साधा डबा तिथे सरळ बसत नाही, एवढं आधी तपासा. ग्राफिक्स हवंच असेल तर जीटीएक्स १६५० सारखं ७५ वॅटचं, वेगळी वायर न लागणारं कार्ड शोधा आणि मूळ एसएमपीएस तसाच ठेवा.

वायरींची जुगाड

मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणाऱ्या एसएमपीएसची वायर दुसऱ्या कंपनीच्या डब्याला बसते, पण पिनांची मांडणी वेगळी असते. १२ व्होल्ट चुकीच्या जागी जातात आणि डिस्क जळते. कधीही अदलाबदल करू नका. चार पिनांच्या जुन्या मोलेक्स प्लगवरून डिस्कसाठीची साटा वीज काढणारे, एकजीव ओतलेल्या प्लॅस्टिकचे स्वस्त कनेक्टरही टाळा, ते आतून शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतात. आणि ग्राफिक्स कार्डची आठ पिनांची वायर एसएमपीएसला मुळातच नसेल, तर कन्व्हर्टर शोधू नका. तो डबा त्या कार्डासाठी बनलेलाच नाही.

तपासणी न करता एसएमपीएसला दोष देणं

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" दिसलं की एसएमपीएस गेला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता रिस्टार्ट झालं. कारण रॅम असेल, तापलेला प्रोसेसर असेल, नाहीतर सैल प्लग असेल.

आधी जाळी बघा. विट्याकडे यंत्रमागाच्या शेडजवळ ठेवलेल्या मशीनच्या पंख्यात सुताचा तंतू भरतो, मार्केट यार्डातल्या पेढीत हळदीची पूड. पंखा अडला की डबा तापतो आणि बंद पडतो. प्लग काढून, पंख्याचं पातं काडीने धरून ब्लोअर मारा.

मग मल्टीमीटर. मशीन चालू आणि कामात असताना मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत, लाल आणि काळ्यात ४.७५ ते ५.२५. लोड वाढला की १२ चे ११.४ च्या खाली घसरत जात असतील तर डबा थकलाय. एसएमपीएस बाहेर काढून, चोवीस पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर काळीशी जोडून पंखा फिरतो का बघतात, त्या चाचणीने डबा पूर्ण मेलेला नाही एवढंच कळतं. लोडवर काय होईल ते त्यातून कळत नाही. खात्री करायची तर मित्राचा चालू एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं सगळ्यात भरवशाचं.

जळका वास, आतून तडतड किंवा फुगलेला कपॅसिटर दिसला तर मात्र तपासणी नको. प्लग काढा आणि पुन्हा लावू नका.

घेताना दुकानात

लेबलवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि तिच्याजवळ आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. बीआयएस केअर अॅपमध्ये तो क्रमांक टाकून कंपनीचं नाव जुळतं का, ते काउंटरवर उभ्या उभ्या बघता येतं. वॉरंटीत बदलून कुठे मिळणार तेही तिथेच विचारा: दुकानदार स्वतः घेणार, की तुम्हाला पुण्याला कुरिअर करावं लागणार? पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या आणि घरी गेल्यावर बिलाचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई वॉरंटी संपायच्या आधी उडून जाते.