‘सवय झालीय’ म्हणू नका : कमी झोपेबाबतच्या या चुका टाळा

“मला पाच-सहा तास पुरतात, सवय झालीय.” झोपेचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि माझ्या मते सगळ्यांत घातक चूक हीच आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगात काही निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज ६ तासच झोपू दिलं. त्यांचं लक्ष दिवसागणिक जास्तच चुकू लागलं, शेवटी रात्रभर जागरण केल्यासारखी गत झाली. पण “झोप येतेय का?” या प्रश्नाची त्यांची उत्तरं मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. सवय होते ती पेंगुळण्याची. मेंदूचं काम त्यानं सावरत नाही. प्रौढ माणसाला किमान ७ तास हवेतच.

गणपतीला गावी जायचं म्हणून दिवसभर ऑफिस करून रात्री गाडी काढणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं, नका हो असं करू! सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे मंदावतात. आपल्याकडची कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी ६ला उठलेला माणूस रात्री ११ला ती ओलांडून गेलेला असतो. काच खाली करून किंवा मोठ्यानं गाणी लावून डुलकी टळत नाही. सुरक्षित जागी गाडी थांबवून २० मिनिटं झोपा.

संध्याकाळी ६च्या चहातलं जवळपास निम्मं कॅफिन रात्री ११लाही अंगात असतं. दारूनं डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. रविवारी दुपारपर्यंत लोळलात, तर रात्री झोप येणार नाही आणि सोमवार पुन्हा तसाच जाईल. त्यापेक्षा उठायची वेळ रोज एकच ठेवा. अंथरुणात तळमळत पडू नका, उठून मंद उजेडात काहीतरी वाचा आणि डोळे जड झाले की परत या.

आणि घोरण्याला गाढ झोप समजू नका. घोरता घोरता श्वास थांबतो, मग माणूस गुदमरल्यासारखा दचकतो आणि आठ तास झोपूनही दिवसा पेंगतो. हा स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. त्यानं रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. झोपलेल्याला स्वतःला हे कळत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्यानंच लक्ष ठेवावं. मोबाइलवर ते घोरणं रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवलंत, तर पुढची तपासणी ठरवायला त्यांना मदत होईल.