स्प्रिंग मिलला जाताय? आधी होडीचं तिकीट
इंडियानात मिचेलजवळच्या स्प्रिंग मिल स्टेट पार्कला उन्हाळ्यात गेलात, तर गाडी लावल्या लावल्या ट्विन केव्ह्जकडे वळा. गुहेत जाणाऱ्या होडीत जागा मोजक्या. रेंगाळलात तर हात हलवत परत यावं लागेल. आत भर जूनमध्येही गारठा असतो, स्वेटर न्याच. नशीब असेल तर पाण्यात पांढुरके, आंधळे मासे दिसतात.

मग निवांतपणे जुन्या वसाहतकारांच्या गावात. १८१७ची तिमजली दगडी गिरणी अजून पाण्याच्या चाकावर मका दळते. लाकडी पन्हळीतून चाकावर पडणारं पाणी बघत मुलं हलत नाहीत. पीठ विकत मिळतं, पण भाकरीसाठी जरा जाडसरच. अंतराळवीर ग्रिसम यांचं जेमिनी ३ यानही याच पार्कात आहे.