प्रेषितांची कृत्ये १:४ : 'सुनालिझोमेनोस'चा अर्थ लावताना या चुका टाळा

पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना बजावतो, यरुशलेम सोडून जाऊ नका. त्या वचनात मूळ ग्रीकमध्ये 'सुनालिझोमेनोस' हा शब्द आहे आणि अख्ख्या नव्या करारात तो एवढ्या एकाच जागी येतो. एका भाषांतरात 'एकत्र असताना', दुसऱ्यात 'जेवत असताना' दिसलं, की अभ्यासवर्गात हमखास वाद पेटतो: कुठलं बायबल बरोबर? दोन्ही भाषांतरांसमोर शब्द हाच आहे. घोळ आहे तो शब्दाची फोड करण्यात.

कोशातला क्रमांक पाहून थांबू नका. बायबलमधल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या कोशात ४८७१ क्रमांकाखाली 'जमणे' असा अर्थ मिळतो आणि विषय मिटल्यासारखा वाटतो. 'सुन' म्हणजे सोबत, हे ठीक. पुढचं क्रियापद मात्र दोन प्रकारे लावता येतं. 'हालिझो' असा स्वर दीर्घ धरला तर गोळा करणे. 'हलिझो' असा ऱ्हस्व धरला तर त्याचं नातं मिठाशी, 'हल्स'शी; मग अर्थ होतो सोबत मीठ खाणे, म्हणजे एकत्र जेवणे. ग्रीक लिपीत दोन्ही स्वरांना अक्षर एकच, अल्फा. मराठीत काना नसता तर 'मन' आणि 'मान' सारखेच दिसले असते, तसंच हे.

आता 'जमणे' घेऊन पाहा. शब्द एकवचनी आहे, एकट्या येशूबद्दल आहे. एकटा माणूस जमत नाही! त्याने शिष्यांना जमवलं म्हणावं, तर 'त्यांना' हे कर्म तिथे नाही. शिवाय रूप चालू क्रियेचं आहे, जमून झालेल्याचं नव्हे. काही हस्तलिखितांत 'सुनाउलिझोमेनोस', म्हणजे सोबत मुक्काम करत असताना, असा पाठ आहे. अवघड शब्द कुणा लेखनिकाने सोपा करून टाकला असावा, असं मला वाटतं.

जुन्या भाषांतरकारांना जेवणच दिसलं होतं. लॅटिन व्हल्गेटमध्ये 'कॉन्व्हेसेन्स' आहे, म्हणजे सोबत जेवत असताना. सिरियाक पेशित्तात तर सरळ भाकर खाल्ल्याचा उल्लेख आहे. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स आवृत्तीने मजकुरात 'जमले असता' घेतलं आणि जेवण पानाच्या कडेला, समासात ठेवलं. समास कोण वाचतो, हा भाग वेगळा.

मिठात वाहून जाऊ नका. मराठी माणूस घसरतो तो इथेच, कारण खाल्ल्या मिठाला जागणं आपल्या बोलण्यात मुरलेलं आहे. गणना १८:१९ मध्ये मिठाचा, म्हणजे कायम टिकणारा करार आहे, २ इतिहास १३:५ मध्येही आहे. एज्रा ४:१४ मधले अधिकारी तर राजवाड्याचं मीठ खाल्ल्याचा दाखला देऊनच राजाला पत्र लिहितात. एवढा दारूगोळा हाती आला, की 'येशूने शिष्यांशी मिठाचा करार केला' हे प्रवचन आपोआप तयार होतं. पण तेल हा शब्द तिळावरून आला म्हणून शेंगदाण्याचं तेल ओतताना कुणाला तीळ आठवत नाहीत. व्युत्पत्ती वेगळी, वापर वेगळा. या वचनात करार नाही आणि मिठाचा स्वतंत्र उल्लेखही नाही.

प्रभुभोजनाशी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीशी, गल्लत करू नका. त्यासाठी १ करिंथ ११:२० मध्ये 'कुरिआकोन देइप्नोन' असे वेगळे शब्द आहेत. लूक १५:२ आणि गलती २:१२ मधला, पंक्तीचा वाद उभा करणारा 'सुनेस्थिओ' हाही निराळा.

शंका उरली तर लूकचंच बाकीचं लिखाण उघडा. शुभवर्तमान आणि कृत्ये, दोन्ही त्याचीच. लूक २४:३० मध्ये अम्माऊस गावातल्या घरात भाकर मोडली जाते. २४:४२-४३ मध्ये येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. कृत्ये १०:४१ मध्ये पेत्र कर्नेल्याच्या घरी सांगतो, येशू मेलेल्यांतून उठल्यावर आम्ही त्याच्यासोबत खाल्लं-प्यालो. म्हणून माझं मत जेवणाच्या बाजूने. वर्गात शिकवताना मी 'त्यांच्याबरोबर जेवत असताना' असं वाचतो आणि फळ्यावर खाली बारीक अक्षरात लिहितो: 'किंवा, एकत्र असताना'.