छोट्या सेंद्रिय शेतकऱ्याचा माल योग्य भावात विकायला मदत करायचीय? मग सुरुवात वहीपासून करा

सेंद्रिय शेतकऱ्यांना मदत करायची म्हटलं की बहुतेक जण आधी गिऱ्हाईक शोधायला धावतात, ग्रुप काढतात, ऑर्डरी घेतात, आणि मग माल वेळेवर पोचत नाही किंवा पोचला तरी शेतकऱ्याला परवडत नाही. मी पण सुरुवातीला हेच केलं. आता माझं ठाम मत झालंय की आधी शेतकऱ्याला आपला खर्च नेमका किती ते कळलं पाहिजे, त्याशिवाय भावाची बोलणी करायला बसूच नये.

त्यासाठी एका संध्याकाळी त्यांच्या घरी निवांत बसा आणि एकाच पिकाचा खर्च वहीत लिहून काढा. घरातल्या बाईला सोबत बसवाच, बऱ्याचदा बारीकसारीक हिशोब तिलाच पाठ असतो. बियाणं, खत, पाणी, बाहेरची मजुरी हे सगळं पटापट सांगतात. मग विचारा, खुरपणीला कोण होतं? उत्तर येतं, आम्हीच की घरचे. किती जण, किती दिवस? ते दिवस मोजायचे आणि बाहेरचा मजूर लावला असता तर जेवढे गेले असते तेवढे पैसे तिथे मांडायचे. सेंद्रियमध्ये तणनाशक मारता येत नाही, तण बरंचसं हातानेच काढावं लागतं, त्यामुळे मोठा खर्च इथेच लपलेला असतो आणि तोच कोणी धरत नाही. त्यात पॅकिंग, वाहतूक, वजनातली घट आणि न विकला गेलेला माल पण टाका. एकदा असा हिशोब मांडून झाल्यावर समोरच्या ताई त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, म्हणजे इतकी वर्षं आम्ही पदरचे घालून विकत होतो. त्या आकड्याखाली रेघ मारा, त्याच्या खाली जायचं नाही हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा.

पुढची गोष्ट म्हणजे एकट्याने हे जमत नाही. जवळपासचे पाच-सात जण एकत्र आणा आणि पेरणीच्या आधी बसवा, माल निघाल्यावर बसवून काही उपयोग नाही. सगळ्यांनी एकच भाजी एकाच आठवड्यात लावली की ती एकाच आठवड्यात निघते आणि मग मिळेल त्या भावाला द्यावी लागते. कोण काय लावणार, दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने कोण लावणार, हे एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा. प्रतवारी पण मिळूनच ठरवा, खरंच एक भरलेला क्रेट मध्ये ठेवा आणि प्रत्येकाला विचारा यातलं तू काय बाजूला काढशील. सुरुवातीला वाद होतात, होऊ द्या, ते घरी झालेले बरे, गिऱ्हाइकासमोर नकोत.

आता सेंद्रिय सर्टिफिकेटचं. कोडेक्स, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था, तिच्या 1999 च्या मार्गदर्शक नियमांत हंगामी पिकासाठी पेरणीआधी निदान दोन वर्षं आणि बहुवर्षीय पिकासाठी पहिल्या काढणीआधी तीन वर्षं रूपांतराचा, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याचा, काळ धरलाय, देशोदेशी यात थोडा फरक असतो. या काळात उत्पादन घटू शकतं, खर्च चालू राहतो, आणि सेंद्रिय म्हणून पूर्ण भाव मात्र मिळत नाही, छोटा शेतकरी सगळ्यात जास्त इथेच मोडतो. बाहेरच्या संस्थेकडून सर्टिफिकेट घेणं एकट्याला महाग पडतं, म्हणून जवळच्या बाजारासाठी सहभागी हमी पद्धत, म्हणजे पीजीएस, बघा. यात शेतकरीच एकमेकांच्या शेतावर जाऊन तपासणी करतात आणि ग्राहकांनाही सोबत नेतात. ब्राझीलमध्ये तर या पद्धतीला कायद्याची मान्यता आहे. पण माल परदेशी जाणार असेल तर बहुतेक ठिकाणी हे चालत नाही, तिथे गट सर्टिफिकेशन, म्हणजे बऱ्याच छोट्या शेतकऱ्यांनी मिळून बाहेरच्या संस्थेकडून एकच सर्टिफिकेट घेणं, करावं लागतं, आणि युरोपियन युनियनच्या 2022 पासून लागू झालेल्या नियमात अशा एका गटात जास्तीत जास्त 2000 सभासद चालतात. म्हणून खर्च करण्याआधी खरेदीदाराला विचारा, तुम्हाला कुठलं सर्टिफिकेट चालतं. आणि आपल्या देशाचा कायदा वाचल्याशिवाय पाकिटावर सेंद्रिय हा शब्द छापू नका.

खरेदीदार एकच ठेवू नका, माझा स्वतःचा नियम असा की निम्म्यापेक्षा जास्त माल एकाकडे द्यायचा नाही. थोडा माल आधी पैसे भरणाऱ्या कुटुंबांना द्या. जपानमध्ये 1970 च्या दशकात तेइकेई नावाने शेतकरी आणि ग्राहकांची अशी थेट बांधणी उभी राहिली, अमेरिकेत 1986 मध्ये दोन शेतांवर ग्राहकांनी हंगामाच्या आधीच पिकातला वाटा विकत घेण्याची पद्धत सुरू झाली. यात पाऊस दगा देऊन गेला तर नुकसान वाटून घेतलं जातं, आणि बियाण्याच्या वेळी हातात पैसा असतो, हे छोट्या माणसासाठी फार मोठं आहे. शाळा, वसतिगृहं, दवाखाने यांच्या स्वयंपाकघरांकडे पण जा, ब्राझीलने 2009 च्या कायद्याने शालेय जेवणाच्या केंद्रीय निधीतला किमान 30 टक्के पैसा कौटुंबिक शेतीतून खरेदीसाठी राखून ठेवला होता, असं धोरण आपल्याकडे नसेल तर मागा.

दुकानाशी बोलताना भावापेक्षा अटींवर जास्त वेळ घालवा. आमचा माल एका दुकानाने उधारीवर नेला, दोन महिन्यांनी अर्धे पैसे दिले आणि उरलेले पैसे माल सुकलाय म्हणून कापून घेतले, आमच्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं. तेव्हापासून चार गोष्टी कागदावर घेतो, पैसे किती दिवसांत, न विकलेल्या मालाचा तोटा कोणाचा, वजन कुठल्या काट्यावर धरायचं, आणि क्वालिटी बघायची ती गाडी भरताना की उतरवताना. गाडी भरताना प्रत्येक क्रेटचा आणि काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढून तिथेच खरेदीदाराला पाठवून द्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि ज्या दिवशी पैसे यायचे ठरलेत त्या दिवशी सकाळी फोन तुम्ही करा, शेतकऱ्याला करायला लावू नका, भिडेपोटी तो आठवडाभर थांबतो आणि तोवर पुढच्या पेरणीसाठी कोणाकडून तरी व्याजाने पैसे उचललेले असतात.