लिनक्सवर बिल आणि साठा सुटे कसे करावेत

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यासाठी मी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता. बिल, साठा, छपाई, सगळं एकातच. पुढे जीएसटीची एक ओळ बदलली आणि साठ्याची खिडकीच उघडेना. चूक माझीच. मग दोन्ही सुटे केले, ते असे.

आधी कागद घ्या आणि कोणता भाग कशामुळे बदलतो ते लिहा. माझे दोनच निघाले: साठा आणि बिल. पाच-सहा तुकडे पाडायचा मोह होतो, पण मग निस्तरत बसावं लागतं.

तुकड्यांचं बोलणं डी-बसवर ठेवा, म्हणजे लिनक्सवरचे प्रोग्रॅम एकमेकांना निरोप पाठवतात त्या सोयीवर. पूर्वी याच कामाला लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपकडे कोर्बा या जुन्या पद्धतीवर उभं असलेलं बोनोबो होतं, केडीई डेस्कटॉपकडे डीकॉप. २००८ च्या केडीई ४ मध्ये डीकॉपची जागा डी-बसनेच घेतली. आज बहुतेक डेस्कटॉपवर ती आधीपासून असतेच.

साठ्याला बसवर एक नाव द्या, उलट्या डोमेनसारखं, टिंबांनी जोडलेलं. त्यात हायफन (-) नको; इंटरफेसच्या, म्हणजे साठ्याला विचारता येणाऱ्या प्रश्नांच्या गटाच्या, नावात तो चालत नाही.

खरा वेळ निरोप ठरवण्यात घाला. बिल विचारणार, 'या नंबरचे किती नग शिल्लक?' मी मालाचा नंबर पूर्णांक म्हणून पाठवला. '००७' चा झाला ७. साठा म्हणतो, असा माल नाही. आणि गठ्ठे तर डोळ्यांसमोर रचलेले! तेव्हापासून नंबर मजकूर म्हणून, नग पूर्णांक, आणि रक्कम पैशांत, तीही पूर्णांकच. डिझाइनचा फोटो बसवरून पाठवू नका, फाइलचा पत्ता पाठवा.

आता बिलाला हात न लावता नुसता साठा चालवा. डी-स्पाय हा बसवरचे प्रोग्रॅम तपासायचा प्रोग्रॅम उघडून साठ्याला हाताने प्रश्न विचारा. उत्तर नीट आलं की मगच बिल जोडा.

बिलाने उत्तराची वाट पाहत थांबू नये, असिंक्रोनस कॉल वापरा, म्हणजे प्रश्न पाठवून बिल आपलं काम चालू ठेवतं. साध्या कॉलमध्ये साठा अडकला तर साधारण २५ सेकंदांनी कॉल सुटतो, आणि तोवर खिडकी गोठलेली. गिऱ्हाईक समोर उभं असताना २५ सेकंद फार होतात.

होम फोल्डरातल्या .local/share/dbus-1/services मध्ये डी-बसची सर्व्हिस फाइल ठेवा; साठा बंद असेल तर तो कुठून सुरू करायचा हे डी-बसला तिच्यावरून कळतं. तिच्यात फक्त बसवरचं नाव आणि प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता. मग साठा मुद्दाम बंद करून बिलावरचं बटण दाबा. साठा आपोआप उठून उत्तर देतो. मी हे मुनीमजींच्या समोर करून पाहिलं, त्यांना पत्ताही लागला नाही.