काकडूच्या नद्यांकाठी सायकलने जाताय? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, नॉर्दर्न टेरिटरीत, कॅथरीन ते डार्विन हा काकडू राष्ट्रीय उद्यानातून जाणारा रस्ता साधारण साडेपाचशे किलोमीटरचा आहे. सगळा डांबरी, मोठे घाट नाहीत. पुणे-गोवा सायकलने केलेल्याला वाटतं, रोज शंभर किलोमीटर मारले की सहाव्या दिवशी डार्विन. सर्वांत मोठी चूक इथेच होते. ऊन चढण्याआधी अंतर कापायचं म्हणून सायकलस्वाराला पहाट हवी असते आणि पाणपक्षी, मगरी, वॉलबी (कांगारूची छोटी जात) बघायलाही पहाटच लागते. रोज पहाटे पेडल मारलं तर नदीवर पोचता भर दुपारी, आणि तेव्हा पक्षी झाडीत गप्प बसलेले असतात.

म्हणून सायकल न चालवण्याचे दिवस आधी ठरवा. काकडूतल्या कूइंडा या मुक्कामाच्या ठिकाणी किमान दोन रात्री राहा आणि तिथल्या यलो वॉटर या बिलबाँगवरची (बिलबाँग म्हणजे पूर ओसरल्यावर मागे राहिलेला डोह) सूर्योदयाची बोटफेरी आगाऊ आरक्षित करा. काळ्या मानेचा करकोचा, ब्रोल्गा क्रौंच, मॅगपाय गूजचे थवे, कमळाच्या पानांवरून चालणारा तुऱ्याचा कमळपक्षी, आपल्या कोकण किनाऱ्यावरही दिसणारा समुद्र गरुड, हे सगळं एका सकाळी दिसू शकतं. दुर्बीण पॅनियरच्या (मागच्या चाकाशेजारी टांगायच्या पिशवीच्या) तळाशी कोंबू नका. हँडलबारच्या पिशवीत हाताशी ठेवा, नाहीतर ती रात्री तंबूतच बाहेर निघते.

हंगाम आणि दिशा

पक्षी सर्वांत जास्त सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसतात, कारण पाणी आटत जातं तसे ते उरलेल्या बिलबाँगांवर गोळा होतात. पण ऑक्टोबरात कॅथरीनचं दुपारचं तापमान ३७-३८ अंशांवर जातं आणि हवेत दमटपणाही वाढू लागतो. सायकलने जाणाऱ्याने तो मोह सोडावा. जून ते ऑगस्ट हा काळ धरा. पक्षी थोडे विखुरलेले असतील, पण तुम्ही ते बघण्याच्या अवस्थेत असाल. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे महिने, तेव्हा नद्या रस्त्यावर येतात.

बहुतेक जण डार्विनला विमानातून उतरतात आणि तिथूनच निघतात. कोरड्या हंगामात वारा आग्नेयेकडून येतो, म्हणजे डार्विनहून निघाल्यावर तो सरळ तोंडावर. बसने कॅथरीनला जा (सायकल खोक्यात बांधून लागते का, ते बसवाल्यांना आधी विचारा) आणि पाइन क्रीक, कूइंडा, जाबिरू करत डार्विनला परत या. तरीही उलट वारा लागलाच तर जोर लावून वेग राखायला जाऊ नका. पहाटे वारा मंद असतो तेवढ्यात चाला आणि दहानंतर सावली धरा.

पाण्याच्या काठाची चूक

याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. दिवसभर धुळीत चालून आलेल्या माणसाला संध्याकाळी नदी दिसते. बाटली भरावी, पाय धुवावेत, भांडी विसळावीत असं वाटणं स्वाभाविक आहे. हे करू नका. सांगलीत कृष्णाकाठी मगरी पाहिलेल्यांनीही त्या अंदाजावर जाऊ नये. खाऱ्या पाण्यातली मगर तिच्याहून मोठी आणि कितीतरी आक्रमक असते. नावात खारं पाणी असलं तरी ती समुद्रापासून दूर, गोड्या पाण्याच्या बिलबाँगांतही राहते. तासभर पाण्याखाली थांबू शकते, त्यामुळे पाणी शांत दिसणं हा पुरावा नव्हे. फलक नसणं हाही नव्हे.

काठापासून किमान पाच मीटर दूर उभे राहा. तंबू पाण्यापासून किमान पन्नास मीटरवर असावा, आणि काकडूत तो फक्त ठरवून दिलेल्या कॅम्पग्राउंडवर लावा. एकाच जागी रोज ठरल्या वेळी जाऊ नका, मगर ती सवय टिपते. उरलंसुरलं अन्न काठावर टाकू नका.

जाबिरूहून सुमारे चाळीस किलोमीटरवर ईस्ट ॲलिगेटर नदीवर काहिल्स क्रॉसिंग ही गाड्या पाण्यातून नेण्याची फरशी आहे. मोठ्या भरतीच्या वेळी मासे या फरशीवरून वर चढतात आणि त्यांच्यासाठी मगरी दाटीने जमतात. असं दृश्य जगात फार थोड्या ठिकाणी दिसतं. भरतीचं वेळापत्रक न बघता गेलात तर रिकामी फरशी पाहून परत याल. बघायचं ते वरच्या चौथऱ्यावरूनच. २०१७ साली ही फरशी पायी ओलांडणाऱ्या एका माणसाचा मगरीने बळी घेतला. पलीकडे अर्नहेम लँड हा आदिवासींच्या मालकीचा प्रदेश सुरू होतो आणि तिथे जायला परवाना लागतो.

रस्त्यावरच्या अडचणी

पाइन क्रीक ते कूइंडा जवळपास दीडशे किलोमीटर. मधे दुकान मिळेल असं धरू नका. दहा-बारा लिटर पाणी आणि ओआरएसच्या पुड्या घेऊनच निघा. पाणी संपत आलं तर शोधायला रस्ता सोडून झाडीत शिरू नका. सावलीत थांबा आणि येणाऱ्या गाडीला रिकामी बाटली उंच धरून दाखवा. कॅरॅव्हॅनवाले सहसा थांबतात.

वारंवार पंक्चर होत असेल तर आधी टायर आतून बोटाने चाचपा. आपल्याकडच्या माळरानावरचे सराटे तिथेही उगवतात, आणि काटा टायरमध्ये तसाच राहिला तर नवी ट्यूबही तासाभरात बसते. सायकल रस्त्याकडेच्या गवतात आडवी टाकायची नाही. ट्यूबमध्ये सीलंट भरून न्या.

कॅथरीन-डार्विनला जोडणाऱ्या स्टुअर्ट हायवेवर ५३ मीटरपर्यंत लांबीच्या रोड ट्रेन (एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक) धावतात. आरसा लावा. मागून आणि पुढून एकाच वेळी आल्या तर सरळ खाली उतरून कडेला व्हा. अंधार पडल्यावर चालवू नका. गुरं आणि वॉलबी रस्त्यावर येतात आणि गाड्या काही भागांत ताशी १३० किलोमीटरने जातात.

शेवटी, भारतातून निघण्यापूर्वीचं काम. टायर, मडगार्ड, बूट आणि तंबूचे खुंटे ब्रशने घासून धुवा आणि विमानतळावरच्या अर्जात सायकल जाहीर करा. माती किंवा बी सापडलं तर सामान अडकतं. स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, तो डार्विनला विकत घ्या. मोबाइलला बराच काळ रेंज नसेल, म्हणून उपग्रहावरून संकटसंदेश पाठवणारं बीकन सोबत ठेवा आणि रोजचा मुक्काम घरी आधीच लिहून द्या.