तासन्‌तास बसून काम करताना या चुका टाळा

कंबर धरली की पहिला दोष खुर्चीवर जातो. मग खुर्ची बदलली जाते, पाठीशी उशी येते, स्क्रीनखाली पुस्तकांची चळत लागते. थोडे दिवस बरं वाटतं आणि कंबर पुन्हा कुरकुरायला लागते. कसं बसलो याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण न हलता किती वेळ बसलो हे कुणी मोजत नाही. ऑफिसातल्या बऱ्याच दुखण्यांची सुरुवात इथेच होते.

‘सकाळी व्यायाम झालाय, आता चिंता नाही’

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सकाळी अर्धा तास चालून यायचं आणि मग नऊ तास खुर्ची सोडायची नाही. चालणं वाया जात नाही, पण नऊ तासांची भरपाई करायला ते पुरतही नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2016 साली 10 लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला 8 तासांहून जास्त बसणाऱ्यांना अकाली मृत्यूचा जो वाढीव धोका असतो, तो रोज 60 ते 75 मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये जवळपास नाहीसा झालेला दिसला. रोज एवढा वेळ आपल्यापैकी किती जणांना मिळतो? ज्यांना मिळत नाही त्यांनी बसण्यातच खंड पाडायला हवा.

मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू शरीरातले मोठे स्नायू. ते काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात. आपण बसलो की ते जवळजवळ निवांत होतात, आणि जेवणानंतर वाढलेली साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. 2012 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या काही प्रौढांना दर 20 मिनिटांनी फक्त 2 मिनिटं चालायला लावलं. सलग बसण्याच्या तुलनेत त्यांची जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी राहिली. हळू चालूनही जवळपास तेवढाच फायदा झाला, म्हणजे घाम गाळायची गरज नाही. अभ्यास छोटा होता, पण जेवल्या जेवल्या खुर्चीत बसायची सवय मोडायला एवढं कारण पुरेसं आहे.

बैठ्या कामाची शंका तशी जुनीच. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा केलेला अभ्यास 1953 साली प्रसिद्ध झाला. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरना हृदयविकार जास्त, आणि जिन्याने वरखाली करणाऱ्या कंडक्टरना कमी. पुढे त्यांनीच गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरच्या पँटची कंबर आधीपासूनच मोठी निघाली. म्हणजे सगळा दोष बसण्यावर ढकलता येत नाही. तरी त्यानंतर झालेल्या अनेक अभ्यासांनी बोट बैठेपणाकडेच दाखवलं आहे.

काठीसारखं ताठ बसणं

लहानपणापासून ‘पोक काढू नकोस, नीट बस’ ऐकत आलेले आपण पाठ ताणून बसतो आणि संध्याकाळी तीच पाठ आखडते. एकाच स्थितीत धरून ठेवलेला स्नायू थकणारच, मग ती स्थिती कितीही ‘बरोबर’ असो. थोडं मागे रेलून पाठ टेकवा, कंबरेच्या खोलगट भागाला आधार द्या, तळवे जमिनीवर टेकवा. स्क्रीनची वरची कड साधारण डोळ्यांच्या पातळीवर हवी. लॅपटॉपवर हे जमत नाही, कारण स्क्रीन वर घेतली की हातही वर जातात, म्हणून वेगळा कीबोर्ड घ्याच. आणि एवढं जमवल्यावरही जागा बदलत राहा.

उभं राहून काम करायचं टेबल घेतलेल्यांनाही हेच सांगेन. दिवसभर उभं राहिल्यानं पाय भरून येतात, कंबर दुखते, पायांच्या शिरा फुगू शकतात. थोडा वेळ बसा, थोडा वेळ उभे राहा आणि मध्ये चाला.

पायाला मुंग्या येत असतील तर

आधी मागचा खिसा तपासा. जाड पाकिटावर बसल्यानं कुल्ल्यातली नस दाबली जाऊ शकते आणि कळ पायात उतरते. मग खुर्चीची कड बघा. गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मावतील एवढी जागा हवी. पायावर पाय टाकून बसायची सवय असेल तर तीही सोडा.

उठावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणं

असं करणारे खूप जण आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. प्रसाधनगृहापर्यंतची फेरी हीच कित्येकांची दिवसातली एकमेव चाल असते, आणि तीही आपण वाचवतो. उलट करा. टेबलावर लहान पेला ठेवा, म्हणजे भरायला उठावं लागेल. फोन आला की उभे राहा. शेजारच्या विभागात मेसेज टाकण्याऐवजी जाऊन बोला. मोबाइलचा गजर चार दिवसांत नकळत बंद केला जातो. रोजच्या कामाला जोडलेलं उठणं जास्त टिकतं.

दुखणं अंगावर काढणं

दोन्ही पाय संध्याकाळी थोडे सुजतात, ते चालल्यावर बहुधा उतरतात. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखते, तिथे गरम किंवा लालसर वाटतंय, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तो पाय चोळू नका, मालिश करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तातडीनं रुग्णालय गाठा. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तरीही एक तासही थांबू नका.